इंजिन माउंटचे नट ढिले होत होते, त्याचा बंदोबस्त

घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन जमिनीवर चालवलं, की माउंटच्या, म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, नटावर मारलेली लाल रेघ तुटलेली दिसायची. ही रेघ नट आणि बोल्ट दोन्हींवरून ओढतात. तुटली म्हणजे नट फिरला.

कारणं दोन निघाली. माउंटमधले रबरी बुश, म्हणजे हादरे शोषणाऱ्या गाद्या, दबून बसतात आणि बोल्टचा ताण जातो. शिवाय किटमध्ये नायलॉन रिंगचे नट आले होते. नायलॉनची पकड साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची समजायची, त्यामुळे इंजिनाच्या बाजूला ते नकोच.

उद्यमनगरातल्या टर्नरमामांकडून बुशच्या आत बसणारे स्टीलचे स्पेसर, म्हणजे नळीचे तुकडे, करून घेतले. आता नट रबरावर नाही, स्टीलवर आवळला जातो. मामांनी लांबी मायक्रोमीटरने इतकी जुळवली की बघत राहावं. बोल्ट मात्र विमानाच्याच दर्जाचे, टोकाला भोक असलेले मागवले. तिथे बाजारचा बोल्ट मी कधीच लावणार नाही.

त्यावर कॅसल नट, म्हणजे वरच्या कडेला खाचा असलेला नट, आणि खाचेतून बोल्टच्या भोकात घालून टोकं वाकवायची कॉटर पिन. टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, ठरलेल्या टॉर्कच्या खालच्या मर्यादेपर्यंत आवळायचं, मग खाच आणि भोक जुळेपर्यंत पुढे. वरची मर्यादा आली तरी जुळलं नाही, तर वॉशर बदलायचा. नट मागे फिरवून भोक जुळवायचं नाही. काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही.

नंतरच्या चाचण्यांत रेघ कुठेही तुटली नाही.