दाजीपूरच्या रानात तळ्याकाठच्या खोलीत राहायचं असलं तर

पहिलं म्हणजे दुपारी चारच्या आत खोलीवर पोचा. बाकीचं विसरला तरी चालतंय, हे विसरू नका, कारण असल्या साध्या खोलीत काय काय नाही ते दिवसा कळलं तर सोय करता येते, अंधारात कळलं तर नुसती भांडणं होतात.

आम्ही पहिल्यांदा गेलतो तेव्हा जेवूनच निघू म्हणून तांबडा-पांढरा वरपत बसलो, वाटेत एकाची गाडी पंक्चर, पोचायला साडेसात. किल्ली ज्या मामांकडं होती ते वाट बघून बघून गावात गेलेले, फोनला रेंज नाही, कसंबसं त्यांना शोधून आणलं आणि कुलूप काढलं तर लाईट गेलेली, बाथरूममधलं बॅरल मोकळं, आणि पाणी कुठनं भरायचं हे त्या अंधारात सांगून काय कळणार. पाच जण रात्रभर दोन बाटल्या पाण्यावर.

तर कोल्हापुरातनं दाजीपूर साधारण 80 किलोमीटर, वाशी नाक्यावरनं हळदी, भोगावती करत राधानगरी आणि तिथनं पुढं फोंडा घाटाच्या रस्त्याला. पेट्रोल, भाजी, औषधं, रोख पैसे, जे काय पाहिजे ते राधानगरीतच उरकून घ्या, पुढं मिळेल म्हणून बसू नका. खोलीचं आधीच बोलून ठेवा. अभयारण्याच्या आतली सोय असली तर वनखात्याकडनं, बाहेरची असली तर त्या त्या मालकाकडनं, आणि फोनवर नुसतं भाडं विचारू नका, पाणी कसलं, लाईट गेली तर काय, जेवण करून मिळतंय का आणि किल्ली कुणाकडं हे विचारा. पावसाळ्यात अभयारण्यात सोडत नाहीत, त्यामुळं हिवाळा बरा. मे अखेरीस गेला तर काजवे बघायला मिळतात, लई भारी दिसतंय, पण तेव्हा गर्दीही तेवढीच.

पोचल्यावर पिशव्या टाकून लगेच फोटो काढायला पळू नका. आधी बॅरल भरून घ्या. दाराची कडी आतनं नीट बसते का बघा, खिडकीची जाळी फाटलीय का बघा, गाद्या उचलून झटका. संडास बाहेर असला तर उजेडात एकदा चालून या, पायरी कुठं, दगड कुठं, म्हणजे रात्री दोनला बॅटरी घेऊन जाताना ठेच लागत नाही. जी बॅटरी नेणार ती मोबाईलची नको, वेगळी न्या आणि तिचे जादा सेलही न्या.

थंडीत तिथं पहाटे हाडं गोठतात, तळ्यावरनं वारं येतंय. तिथल्या चादरींवर विसंबू नका, घरातलं घोंगडं न्या, आमच्याकडं पट्टणकोडोलीच्या जत्रेतलं एक आहे ते प्रत्येक ट्रिपला येतंय. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, कांदे, म्हणजे चूल पेटली नाही तरी उपाशी झोपत नाही. पण खायचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. उघडी पिशवी दिसली की दिवसा माकडं आणि रात्री उंदीर, दोघांची ड्युटी लागलेली असते. प्यायचं पाणी उकळूनच. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून आपटा, इंचू असतोय.

आता गवा. हे अभयारण्य 1958 सालापासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आणि गव्यांसाठीच नावाजलेलं, त्यामुळं गवा दिसणार हे धरूनच चला. पायात पांढरे मोजे घातल्यागत दिसतोय, शांत वाटतोय, पण मोठा नर आठशे-नऊशे किलोचा असतोय आणि बिचकला तर पुढं कोण आहे बघत नाही. कळप दिसला की जिथं आहात तिथंच थांबा, हळूहळू मागं सरका, त्याला जायला वाट ठेवा. हॉर्न, शिट्ट्या, सेल्फी काय नको. एकटा फिरणारा नर दिसला तर आणखी लांब राहा. पहाटे आणि सांजच्याला ही जनावरं पाण्याला उतरतात, म्हणजे तळ्याकाठी फिरायची तुमची हौस आणि त्यांची तहान एकाच वेळची, तेव्हा काठावर एकट्यानं जाऊ नका. अस्वलंही आहेत, करवंदांच्या दिवसात जाळीत हात घालताना आधी आवाज करा.

राधानगरीचं तळं म्हणजे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी, सव्वाआठ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटाच्या) वर साठा, बघताना डोळं निवतात पण पोहायला उतरू नका. कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्यात पोहलोय म्हणणारेच जास्त फसतात. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठाला गाळ उघडा पडतो, वरनं वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघाभर आत.

अभयारण्यात शेकोटी, दारू आणि स्पीकर हे तिन्ही घरी ठेवा. साप चावला तर जखम कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक असले उद्योग न करता माणसाला हलू न देता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना गाठा, म्हणून गाडी रात्री तोंड रस्त्याकडं करूनच लावायची आणि चावी कुठाय हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

निघताना कचरा पिशवीत भरून परत राधानगरीला आणा. आणि खोलीची किल्ली मामांच्या हातातच द्या, खिडकीत ठेवून जाऊ नका. आम्ही ठेवलती, माकडानं नेली, दुसऱ्या कुलपाचे पैसे भरले.