एबीएस मॉड्यूलची घरी दुरुस्ती: आधी तपासणी, मग कटर

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर दोषाचा कोड आला आणि कुणीतरी "मॉड्यूल गेलं" असं सांगितलं, म्हणून लगेच मॉड्यूल काढायला घेऊ नका. अशा कित्येक गाड्यांत दोष चाकाजवळच्या सेन्सरमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा कनेक्टरच्या एखाद्या पिनमध्ये निघतो. मॉड्यूलचं झाकण एकदा कापलं की ते पुन्हा कंपनीसारखं बंद होत नाही. त्यामुळे या कामाचा निम्मा वेळ बाहेरच्या तपासणीतच जायला हवा.

इंजिनजवळ बसवलेल्या एबीएसच्या ठोकळ्याचे तीन भाग असतात. मधला अ‍ॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह ब्लॉक, ज्यात ब्रेकच्या नळ्या येतात. त्याच्या एका बाजूला पंपाची गोल मोटर आणि दुसऱ्या बाजूला काळ्या प्लास्टिकचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्हच्या कॉइल मॉड्यूलमध्ये असतात आणि व्हॉल्व्हच्या दांड्या ब्लॉकमध्ये. अशा रचनेत चार-सहा स्टार स्क्रू काढले की मॉड्यूल सरळ बाहेर सरकतं, ब्रेकची एकही नळी सोडावी लागत नाही आणि ब्लीडिंगही (नळ्यांतली हवा काढणं) करावं लागत नाही. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे. ब्रेकचा दाब साठवून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असलेल्या गाड्या, म्हणजे बऱ्याच हायब्रिड आणि काही जुन्या गाड्या, घरी उघडू नयेत. इंजिन बंद असतानाही त्यांत शंभराहून जास्त बार दाब शिल्लक असू शकतो.

कोड काय सांगतो

साधा इंजिनचा स्कॅनर बहुतेक वेळा एबीएसपर्यंत पोचत नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर लागेल. सी ००३५, सी ००४०, सी ००४५, सी ००५० हे चार चाकांच्या सेन्सर सर्किटचे कोड. त्यापैकी एकच आला असेल तर मॉड्यूलला हात लावू नका, आधी ते चाक बघा. सी ०११० हा पंपाच्या मोटरच्या सर्किटचा. यू ०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी बोलणंच बंद झालं आहे, आणि तिथे पहिला संशय सप्लाय आणि अर्थिंगवर घ्यायचा. चारही चाकांचे कोड एकदम आले, किंवा मोटर आणि व्हॉल्व्ह दोन्हींची तक्रार आली, तर दोष मॉड्यूलच्या आत असण्याची शक्यता वाढते. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पुसल्यावर लगेच परत येतो की काही किलोमीटरनंतर, हेही टिपून ठेवा.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. जुन्या, नुसत्या कॉइलच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण ८०० ते २००० ओहम येतो. डाव्या-उजव्या चाकांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, आणि कुठल्याही वायरचा बॉडीशी संपर्क असता कामा नये. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवलं की ०.१ व्होल्टच्या वर काहीतरी दिसलं पाहिजे. नवीन दोन वायरच्या अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला ओहम मोजून काहीच कळत नाही. तो ७ आणि १४ मिलीअँपिअर अशा दोन पातळ्यांत सिग्नल देतो, त्यामुळे स्कॅनरच्या लाइव्ह डेटात चारही चाकांचा वेग बघणं हीच त्याची खरी परीक्षा. गाडी सावकाश चालवताना तीन चाकं ८ दाखवताहेत आणि चौथं मधूनच शून्यावर जातंय, तर टोन रिंगला (चाकासोबत फिरणारी, सेन्सर वाचतो ती कडी) भेग, सेन्सरवर लोखंडी कीस किंवा ढिलं बेअरिंग सापडेल.

सप्लाय तपासताना मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. हिरवट पडलेल्या जाड वायरच्या शेवटच्या दोन धाग्यांतूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं, पण मोटरला करंट मिळत नाही. मॉड्यूलचा कनेक्टर काढा, गाडीच्या वायरिंग डायग्रॅमवरून जाड पॉझिटिव्ह आणि जाड अर्थ पिन ओळखा आणि त्यांच्यामध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून अर्थ पिनपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर अर्थिंगचा नट काढून, घासून, परत कसा. मॉड्यूल "दुरुस्त" व्हायला पुष्कळदा एवढंच पुरतं.

दोष कधी येतो कधी जातो, असा असेल तर आणखी एक युक्ती आहे. लाइव्ह डेटा समोर ठेवून मॉड्यूलवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, मग हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम करा. ठोकल्यावर किंवा तापल्यावर कोड येत-जात असेल तर आतला सांधा सुटला आहे, आता उघडायला हरकत नाही.

मॉड्यूल काढणं

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून दहा मिनिटं थांबा. ब्लॉकचा परिसर ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, कारण इथली धूळ नंतर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसते. मोठ्या कनेक्टरची खटकी उचला. स्टार स्क्रू छोटे आणि घट्ट असतात, त्यात झिजलेला बिट घातला की डोकं गोल होतं आणि मग अख्खं युनिट खाली उतरवावं लागतं. नवा बिट वापरा. मॉड्यूल सरळ रेषेत ओढा, तिरकं केलं तर कॉइल वाकतात.

बाहेर येताच आत बघा. कॉइलभोवती ब्रेक ऑइल दिसलं तर काम इथेच थांबवा. ब्लॉकचं सील गळत आहे, पूर्ण युनिट बदलावं लागेल, आतला बोर्ड कितीही नीट जोडलात तरी तो पुन्हा मरेल.

आता मोटर. तिच्या दोन पिन ब्लॉकमधून आरपार मॉड्यूलच्या बाजूला आलेल्या असतात. फ्यूज लावलेल्या वायरने तिला बाहेरून १२ व्होल्ट एक-दोन सेकंदच द्या. ती झटक्यात, एकसारख्या आवाजात फिरली पाहिजे. अडखळली, गुरगुरली किंवा पिनभोवती काळी कार्बनची पूड असेल तर तीच जास्त करंट खेचून मॉड्यूल जाळते आहे. ही तपासणी टाळून केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

कॉइलही मोजून घ्या. चार चॅनेलच्या एबीएसमध्ये आठ कॉइल असतात, चार इनलेट आणि चार आउटलेट. सगळ्यांचा रेझिस्टन्स काही ओहमच असतो आणि एका गटातले आकडे जवळपास सारखे हवेत. एखादी पूर्ण उघडी दाखवत असेल तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या सांध्यात आहे.

झाकण कापणं

झाकण चिकटवलेलं किंवा वितळवून जोडलेलं असतं, स्क्रू नसतात. छोट्या रोटरी टूलला पातळ डिस्क लावून जोडाच्या रेषेवरून चारही बाजूंनी फिरा. एकाच फेरीत आरपार जाऊ नका. प्लास्टिक सहसा दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. शेवटचा पापुद्रा डिस्कने न कापता धारदार चाकूने कापा, म्हणजे कीस आत पडत नाही. कनेक्टरच्या बाजूला सगळ्यात कमी खोल जा, तिथे बोर्ड किंवा बारीक तारा कडेला अगदी चिकटून असतात.

आत काय दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

साधा हिरवा फायबर बोर्ड असेल तर नशीब चांगलं. मोटरच्या आणि कनेक्टरच्या जाड पिनांचे सांधे दहापट भिंगाखाली, उजेड तिरका टाकून बघा. पिनेभोवती केसासारखी बारीक, गोल काळी रेघ दिसेल. तीच भेग. पिन जाड, तिला इंजिनची थरथर लागते, ती तापते आणि निवते, आणि सोल्डर थकून तिच्याभोवती वर्तुळात तुटतं. इथे मीटर फसवतो, कारण प्रोब टेकवला की त्याच्या दाबानेच सांधा मिटतो आणि सर्किट चांगलं दाखवतं. डोळ्यांवर विश्वास ठेवा.

भेग पडलेला सांधा नुसता परत गरम करू नका. जुनं सोल्डर ते ओढून घेणाऱ्या पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने काढा, वरचं वार्निश खरवडा, रोझिनचा फ्लक्स लावा आणि ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) नवं सोल्डर भरा. हे १८३ अंशाला वितळतं. जाड पिनेला ६० वॅटचा सपाट टोकाचा सोल्डरिंग आयर्न ३५० अंशावर, तीन-चार सेकंद. सांधा चकचकीत आणि पिनेवर चढलेला दिसला पाहिजे. शेजारच्या जाड पिनाही त्याच बैठकीत करून टाका, त्यांची वेळ फार दूर नसते. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स धुवा.

आत पांढरा सिरॅमिक बोर्ड आणि त्यावर पारदर्शक जेली असेल, तर काम खऱ्या अर्थाने कठीण. कनेक्टरच्या पिनांपासून बोर्डापर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तारा कमानीसारख्या गेलेल्या असतात. त्या टाचेपाशी, म्हणजे जिथे पॅडला चिकटतात तिथे, तुटतात, आणि तुटूनही जागच्या जागी टेकून राहतात. लाकडी टूथपिकने एकेक तार कडेने अलगद ढकला. चांगली तार हलत नाही, तुटलेली सरकते. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून ती तार काढून तिच्या जागी ०.२ ते ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार लावायची. सिरॅमिक उष्णता भराभर ओढून घेतं. बोर्ड आधी हॉट प्लेटवर साधारण १०० अंशापर्यंत तापवला नाही तर सोल्डर पॅडवर गोळीसारखं बसतं आणि नंतर निघून येतं. तारेला कमान ठेवा. ताणून लावली तर पहिल्या तापण्या-निवण्यातच तुटेल. सिग्नलच्या बारीक तारेला चांदीचा दोन भागांचा कंडक्टिव्ह इपॉक्सी चालतो. मोटर आणि व्हॉल्व्हच्या जाड करंटच्या तारेला तो वापरू नका, तापतो आणि सुटतो.

हात थरथरत असेल किंवा तीनपेक्षा जास्त तारा सुटल्या असतील तर बोर्ड या कामाच्या तज्ज्ञाकडे पाठवलेला बरा. जुन्या बाजारातलं दुसरं मॉड्यूल घ्यायचं असेल तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि बऱ्याच गाड्यांत त्याला नव्याने कोडिंग (त्या गाडीशी जुळवून घेणं) लागतं हे धरून चला.

बंद करणं आणि परत बसवणं

काढलेल्या जेलीच्या जागी मऊ सिलिकॉन जेलच भरा. कडक इपॉक्सी ओतला तर तो आकुंचन-प्रसरणात ताराच उपटतो. झाकणाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिड सोडतो आणि तांबं खातो, तो इथे चालत नाही. झाकणावरचं हवेचं छोटं छिद्र बुजवू नका. चोवीस तास तसंच राहू द्या.

बसवताना ब्लॉकवरचं रबर सील जागेवर आहे ना बघा. मॉड्यूल हाताने पूर्ण टेकू द्या, स्क्रूने ओढून बसवू नका. मग स्क्रू समोरासमोरचे घेत, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा.

बॅटरी जोडून चावी फिरवा. दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. आधी पेडल दाबून बघा, कडक आणि नेहमीच्या उंचीवर हवं. त्यानंतर सावकाश निघा. साधारण १५-२० च्या वेगाला बऱ्याच गाड्यांत पंप स्वतःची चाचणी घेतो, एक छोटा "घर्र" ऐकू येतो. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या काही गाड्यांना बॅटरी काढल्यावर स्टिअरिंग अँगल पुन्हा शिकवावा लागतो.

शेवटची परीक्षा मोकळ्या, रिकाम्या मैदानात, कोरड्या मातीवर किंवा खडीवर, ३० च्या वेगाने. ब्रेक जोरात दाबा. पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी सरळ थांबली तर मॉड्यूल काम करतंय. चाकं घासत गेली किंवा पिवळ्यासोबत लाल दिवाही लागला तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते आणि मागची चाकं आधी लॉक होतील. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, टो करून न्या. दिवा विझलेला राहिला तरी पुढच्या आठवड्यात दोन-तीनदा, एकदा थंड इंजिनवर आणि एकदा लांब फेरीनंतर गरम असताना, स्कॅनर लावून साठलेले कोड बघा.