अनोळखी व्यक्ती आपल्या विशेष मुलावर ओरडली, तर

चारचौघांत कोणी आपल्या विशेष मुलावर खेकसले, की त्याला तिथल्या तिथे सुनावण्याची ऊर्मी येते. ती आवरावी आणि आधी मूल व ती व्यक्ती यांच्या मध्ये उभे राहून मुलाकडे वळावे. गोंगाट, प्रखर दिवे किंवा गर्दी असह्य होऊन कान दाबून जमिनीवर बसलेल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची अवस्था हट्टाहून वेगळी असते. हट्टी मूल हवी ती वस्तू मिळाली की बहुधा शांत होते, इथे मात्र ती वस्तू देऊनही उपयोग नसतो. अशा वेळी लांबलचक समजूत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘मी आहे. आपण बाहेर जाऊ,’ एवढे पुरे. स्पर्शाने ते शांत होते हे माहीत असेल तरच जवळ घ्यावे.

त्या व्यक्तीला उत्तर द्यायचेच असेल, तर ते एका वाक्याचे, खालच्या पट्टीतले आणि घरी बोलून सराव केलेले असावे: ‘त्याला त्रास होतो आहे, तो मुद्दाम करत नाही, कृपया थोडी जागा द्या.’ ‘आईबापांनी वळण लावले नाही’ असा शेरा आला, तरी वाद घालू नये. मुलाचे निदान सांगण्यास आपण बांधील नाही, कारण ती माहिती मुलाची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समोरच्याला गप्प करण्यासाठी ‘त्याला काही कळत नाही हो’ असे कधीही म्हणू नये. न बोलणारे मूलही ऐकत असते, आणि परक्याच्या शिवीपेक्षा आपल्या माणसाने केलेली ही वकिली त्याला अधिक लागू शकते. मुलाचा धक्का लागला असेल, तर त्या धक्क्याबद्दल जरूर माफी मागावी. मूल जसे आहे, त्याबद्दल मागू नये.

लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये सुरू झालेली, वरून न दिसणारे अपंगत्व सूचित करणारी सूर्यफुलांचे चित्र असलेली गळ्यात घालायची पट्टी आता अनेक देशांत वापरली जाते. ती ओळखणारे कर्मचारी असतील तिथे तिचा उपयोग होतो, परंतु ती घालायची की नाही हे शक्यतो मुलालाच ठरवू द्यावे.

कोणी मुलाला हात लावला, वाट अडवली किंवा त्याचे चित्रीकरण सुरू केले, तर सौजन्य बाजूला ठेवून ‘हात लावू नका’ किंवा ‘चित्रीकरण थांबवा’ असे मोठ्याने सांगावे आणि सुरक्षारक्षकाला किंवा पोलिसांना बोलवावे. बघ्यांपैकी एखाद्याला नेमके काम सांगावे, जसे की ‘जरा दार धरता का?’ पुष्कळांना मदत करायची असते, फक्त काय करावे ते सुचत नाही.

मूल पूर्ण शांत झाल्यावर, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी, झाला प्रकार त्याला समजेल अशा शब्दांत किंवा चित्रांतून सांगावा: ‘त्या काकू चुकीचे बोलल्या. तुझी चूक नव्हती.’ सोबत असलेल्या भावंडाशीही बोलावे, कारण त्याने सगळे पाहिलेले असते. मात्र त्याला रखवालदार बनवू नये. मुलाची तयारी दिसली, की त्याच ठिकाणी वर्दळ नसलेल्या वेळी थोडा वेळ जाऊन यावे आणि ते थकण्याआधीच निघावे.