जावा टाकलं, पण चालतंय कोणतं? जेडीके, पाथ आणि जावा_होम नीट लावण्याची पद्धत

जावा इन्स्टॉल करणं अवघड नाही. अवघड आहे ते 'जावा -व्हर्जन' म्हटल्यावर आपण आत्ता टाकलेलंच जावा पुढे येईल याची खात्री करणं. संगणकावर आधीच एखादं जुनं जावा दडून बसलेलं असतं आणि 'काढून पुन्हा टाका' या सल्ल्याने ते जागचं हलत नाही.

कमांड पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत, अवतरणांत दिल्या आहेत. टाइप करताना अवतरणं वगळा आणि लहान इंग्रजी अक्षरं वापरा. जावा_होम (जावाच्या फोल्डरचा पत्ता) आणि पाथ (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) ही व्हेरिएबलची, म्हणजे संगणकाने लक्षात ठेवलेल्या सेटिंगची, नावं मात्र मोठ्या अक्षरांत. विंडोजला फरक पडत नाही, मॅक आणि लिनक्सला पडतो.

कोणतं घ्यायचं

नव्याने सुरुवात असेल तर २१. दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्त्या म्हणजे ८ (२०१४), ११ (२०१८), १७ (२०२१), २१ (२०२३) आणि २५ (२०२५). मधल्या आवृत्त्या सहा महिन्यांच्या पाहुण्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कॉलेजने किंवा कंपनीने एखादा आकडा ठरवून दिला असेल तर तोच घ्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

कुठून घ्यायचं? अ‍ॅडॉप्टियमचं टेम्युरिन. अ‍ॅमेझॉनचं कोरेटो किंवा अझुलचं झुलु घेतलं तरी चालेल, सगळी एकाच मूळ मुक्त जावाची, ओपनजेडीकेची, रूपं आहेत. ओरॅकलचं घ्यायचं तर आधी परवाना वाचा. एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या नव्या अपडेटचा व्यावसायिक वापर फुकट राहिलेला नाही, आणि पुढच्या आवृत्त्यांचे नियमही एकसारखे नाहीत.

नुसतं 'जावा डाउनलोड' शोधून समोर येईल ते टाकू नका. त्यात बहुधा जावा ८ चं जेआरई मिळतं. त्याने तयार प्रोग्रॅम चालतात, पण त्यात 'जावासी' हा कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) नसतो. आपल्याला हवं ते जेडीके, म्हणजे कंपायलरसकटचं जावा. प्रोसेसरही पाहून घ्या: एम१ पासूनच्या मॅकसाठी एआर्च६४, इंटेल किंवा एएमडीसाठी एक्स६४. एम मालिकेच्या मॅकवर चुकून एक्स६४ टाकलं तर रोझेटाच्या (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम चालवून घेणारी मॅकमधली सोय) कुबडीवर ते चालतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होण्याचं काम, मात्र रेंगाळतं.

विंडोज: गाडी इथेच अडते

टेम्युरिनची एमएसआय फाइल (विंडोजचा इन्स्टॉलर) चालवा. 'कस्टम सेटअप'च्या पडद्यावर 'सेट जावा_होम व्हेरिएबल' या ओळीवर लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून 'विल बी इन्स्टॉल्ड ऑन लोकल हार्ड ड्राइव्ह' निवडा. पाथचा पर्याय आधीच चालू असतो, हा मात्र बंद असतो, आणि घाईघाईने 'नेक्स्ट' दाबणाऱ्यांचा हाच राहून जातो.

हे काम हाताने करायला मी सांगत नाही, त्याला कारण आहे. टेम्युरिनच्या फोल्डरच्या नावात पूर्ण आवृत्ती असते: 'सी:\प्रोग्राम फाइल्स\एक्लिप्स अ‍ॅडॉप्टियम\जेडीके-२१.०…-हॉटस्पॉट'. तीन महिन्यांनी अपडेट आलं की नाव बदलतं, आणि हाताने लिहिलेलं जावा_होम नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतं. इन्स्टॉलरकडून लावून घेतलं असेल तर तो ते स्वतः बदलतो.

आता पाथ. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जावा' लिहून एंटर दाबलं की विंडोज पाथमधली फोल्डरं वरून खाली एकेक बघत जातं आणि पहिलं सापडलेलं 'जावा.ईएक्सई' चालवतं. पुढे दुसरं, नवं, चांगलं असेल तरी तिथपर्यंत ते पोचतच नाही. त्यातही पाथ दोन असतात, एक सिस्टमचा आणि एक यूजरचा. विंडोज दोन्ही जोडतं तेव्हा सिस्टमचा आधी येतो. म्हणून नवं जावा यूजर पाथच्या अगदी डोक्यावर ठेवलं तरी सिस्टम पाथच्या तळाशी असलेलं जुनं जावा त्याला हरवतं. असंख्य लोक इथेच डोकं आपटून घेतात, कारण खिडकीत पाहिलं तर सगळं बरोबर दिसत असतं.

निदान असं करा. 'व्हेअर जावा' ही कमांड द्या. जितकी जावा सापडतील त्यांचे पत्ते ओळीने येतात, आणि चालणार ती पहिली ओळ. (पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हा शब्द दुसऱ्याच कमांडसाठी राखीव आहे, तिथे 'व्हेअर.ईएक्सई जावा' लिहावं लागतं.) पहिल्या ओळीत 'कॉमन फाइल्स\ओरॅकल\जावा\जावापाथ' दिसलं तर ते ओरॅकलच्या इन्स्टॉलरने पाथच्या सुरुवातीला घुसवलेलं फोल्डर आहे. 'विंडोज\सिस्टम३२' दिसलं तर फार जुन्या इन्स्टॉलरने तिथे प्रत टाकून ठेवलेली आहे.

उपाय: स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' शोधून सिस्टम व्हेरिएबल्सची खिडकी उघडा. खालच्या, म्हणजे सिस्टमच्या, यादीत जावा_होम आहे ना ते पाहा. मग त्याच यादीतला पाथ उघडून '%जावा_होम%\बिन' ही ओळ घाला आणि 'मूव्ह अप' दाबत थेट वर न्या. इन्स्टॉलरने स्वतःची वेगळी ओळ घातलेली असेल, ती राहू द्या. दोन्ही गोष्टी सिस्टमच्याच यादीत हव्यात. जावा_होम यूजरच्या यादीत आणि त्याचा उल्लेख सिस्टम पाथमध्ये, असा घोळ केलात तर तो उल्लेख उलगडत नाही, कारण सिस्टमचा पाथ तयार होताना यूजरची व्हेरिएबल्स अजून वाचलेलीच नसतात.

जावा_होममध्ये फक्त जेडीकेच्या मुख्य फोल्डरचा पत्ता. शेवटी 'बिन' नको, अर्धविराम नको, भोवती अवतरणचिन्हं नकोत. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये रिकामी जागा आहे म्हणून अवतरणं घालायचा मोह होतो, पण त्यांनीच पुढे मेव्हन आणि ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनांच्या बॅच फाइल (कमांड ओळीने लिहिलेल्या फाइल) अडखळतात.

आणि आता तो सल्ला, जो कुणीही दिला तरी ऐकू नका: 'सेटएक्स पाथ "%पाथ%;…"'. ही ओळ दोन प्रकारे घात करते. सेटएक्स (व्हेरिएबल कायमचं जतन करणारी कमांड) १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकतं; इशारा देतं, पण कापलेलाच पाथ जतन करतं. शिवाय '%पाथ%' म्हणजे सिस्टम आणि यूजर दोन्ही एकत्र, ते सगळं तुमच्या यूजर पाथमध्ये ओतलं जातं. दुसऱ्या दिवशी गिट सापडत नाही, पायथन सापडत नाही, आणि दोष जावाला दिला जातो. हे करून बसला असाल तर ती खिडकी बंद करू नका. तिच्यात जुना पाथ अजून जिवंत आहे. 'इको %पाथ%' देऊन तो नोटपॅडमध्ये उतरवून घ्या आणि त्यावरून यादी पुन्हा उभी करा.

बदल झाल्यावर नवी खिडकी उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या कमांड प्रॉम्प्टला नवा पाथ कळत नाही. व्हीएस कोडच्या आतला टर्मिनल वापरत असाल तर नुसता नवा टॅब पुरत नाही, व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा. संगणक रीस्टार्ट केल्यावर 'आपोआप' दुरुस्त झालं असं लोक सांगतात, त्यामागे एवढंच असतं.

क्लासपाथ नावाचं व्हेरिएबल लावायला सांगणारी माहिती जुनी आहे. लावू नका. असेल तर काढा. त्यात चालू फोल्डरची खूण असलेला टिंब नसेल तर समोर असलेला क्लासही 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास' म्हणून नाकारला जातो.

जुनं जावा काढून टाकावं का? घरच्या संगणकावर खुशाल काढा. पण ई-निविदा किंवा डिजिटल सहीसाठी कार्यालयात जावा ८ मुद्दाम टाकलेलं असेल तर हात लावू नका. दोन्ही सुखाने नांदतात, प्रश्न फक्त रांगेत पुढे कोण याचा आहे. मात्र त्या जुन्याचं अपडेट झालं की 'जावापाथ'ची ओळ पुन्हा वर चढू शकते, तेवढं बघत राहा.

कॉलेजच्या लॅबमध्ये अ‍ॅडमिनचे हक्क नसतात. तिथे एमएसआयऐवजी झिप फाइल घ्या, आपल्या फोल्डरमध्ये उघडा आणि दोन ओळींची बॅच फाइल करा: पहिलीत 'सेट जावा_होम=…', दुसरीत 'सेट पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%'. कमांड प्रॉम्प्ट उघडला की आधी ती चालवायची. हे 'सेट' त्या खिडकीपुरतं असतं, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही.

मॅक

पॅकेज टाका, किंवा होमब्रू (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकण्याचं साधन) असेल तर 'ब्रू इन्स्टॉल --कास्क टेम्युरिन@२१'. 'ब्रू इन्स्टॉल ओपनजेडीके' हा मार्ग टाळा; ते होमब्रूच्या कोपऱ्यात बसतं आणि सिमलिंक (त्या जागेकडे नेणारा दुवा) हाताने केल्याशिवाय मॅकला दिसत नाही.

पाथला हात लावायची गरज नाही. '/यूएसआर/बिन/जावा' हा नुसता दरवान आहे, तो जावा_होम पाहून खऱ्या जावाकडे पाठवतो. त्यामुळे होम फोल्डरमधल्या '.झेडएसएचआरसी' फाइलमध्ये एकच ओळ पुरते: 'एक्स्पोर्ट जावा_होम=$(/यूएसआर/लिबएक्सेक/जावा_होम -व्ही २१)'. यातलं पहिलं जावा_होम मोठ्या अक्षरांत, दुसरं लहान अक्षरांत. दुसरी ही कमांड आहे. लहान 'व्ही' देऊन आवृत्ती निवडायची, मोठा 'व्ही' दिला की असलेल्या सगळ्यांची यादी मिळते. जावा ८ हवं असेल तर ८ नव्हे, '१.८' लिहायचं. '.बॅश_प्रोफाइल'मध्ये लिहा असं कुणी सांगितलं तर तो सल्ला २०१९ च्या आधीचा आहे. कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकचा शेल (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम) झेडएसएच आहे आणि तो ती फाइल वाचत नाही.

लिनक्स

उबुंटू, डेबियन: 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-२१-जेडीके'. फेडोरा: 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल जावा-२१-ओपनजेडीके-डेव्हल'. 'डेव्हल' विसरलात तर कंपायलर येत नाही.

उबुंटूवर दोन आवृत्त्या असतील तर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा' देऊन क्रमांक निवडा, आणि लगेच तेच 'जावासी'साठीही करा. दोघांची निवड वेगवेगळी साठवली जाते. जावासी २१ आणि जावा १७ अशी जोडी जमली की स्वतःच कंपाइल केलेला प्रोग्रॅम स्वतःलाच चालवता येत नाही.

जावा_होमसाठी 'रीडलिंक -एफ $(व्हिच जावा)' द्या. येणाऱ्या पत्त्याच्या शेवटचं '/बिन/जावा' सोडून उरलेला भाग '.बॅशआरसी'त एक्स्पोर्ट करा. '/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट'मध्ये लिहायचं असेल तर तिथे 'एक्स्पोर्ट' लागत नाही आणि डॉलरचं चिन्ह उलगडत नाही, ती शेलची स्क्रिप्ट नाही. सिस्टमडीची (लिनक्सवर पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस '.बॅशआरसी' वाचत नाही, आणि सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारं) तुमची व्हेरिएबल्स सहसा सोबत नेत नाही. टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) हाताने सुरू होतो पण सर्व्हिस म्हणून होत नाही, ते बहुतेक वेळा यामुळेच. सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट=' (पहिलं अक्षर मोठं) अशी ओळ स्वतंत्र द्यावी लागते.

जावा २१ दाखवतंय, मेव्हन ८ दाखवतंय

हे अगदी शक्य आहे. टर्मिनल पाथ बघतो. मेव्हन आणि ग्रेडल आधी जावा_होम बघतात. म्हणून 'जावा -व्हर्जन'वर समाधान मानू नका, 'एमव्हीएन -व्हर्जन'ही द्या. त्यात मेव्हन कोणत्या जावावर आणि कोणत्या फोल्डरमधून चालतोय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इंटेलिजे या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा संसार तर तिसराच: प्रोजेक्टचं एसडीके एक आणि 'ग्रेडल जेव्हीएम' दुसरं, दोन्ही सेटिंगमध्ये वेगळी पाहावी लागतात.

आवृत्ती चुकली की 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' येतो आणि त्यात 'क्लास फाइल व्हर्जन ६५.०' असा आकडा असतो. त्यातून ४४ वजा करा: ६५ म्हणजे २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. एकाच ओळीत दोन आकडे असतात. मोठा आकडा कंपाइल करणाऱ्याचा, छोटा चालवणाऱ्याचा. चालवणारा बदला.

तपासणी मराठीतून

'हॅलो वर्ल्ड' छापून खात्री होत नाही, 'नमस्कार' छापा. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) जतन करून 'जावा चाचणी.जावा' असं थेट चालवा (फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा). जावा ११ पासून एका फाइलच्या प्रोग्रॅमला वेगळं कंपाइल करावं लागत नाही. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे. १७ किंवा त्याआधीचं असेल तर विंडोजवर 'जावासी -एन्कोडिंग यूटीएफ-८' लिहावंच लागतं.

२१ वरही विंडोजच्या खिडकीत प्रश्नचिन्हांची रांग आली तर आधी 'सीएचसीपी ६५००१' द्या आणि पुन्हा चालवा. जुन्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं मोडकी दिसतात, विंडोज टर्मिनल वापरा. आणि पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर '>' वापरून फाइलमध्ये वळवल्यावर पुन्हा प्रश्नचिन्हं झाली तर कमांडमध्ये 'जावा'च्या लगेच पुढे '-डीएसटीडीआउट.एन्कोडिंग=यूटीएफ-८' घाला, त्यातलं पहिलं 'डी' मोठ्या अक्षरात आणि 'यूटीएफ'ही; फाइलकडे वळवलेलं आउटपुट कन्सोलचं एन्कोडिंग विचारत नाही, विंडोजचं जुनं घेतं.