पावसाळ्यात सुरी, विळी, अडकित्त्याला गंज लागू नये म्हणून काय करायचं (बडोदेकरांसाठी)

जून संपत आला की बडोद्याची हवा अशी होते की बरणीतलं मीठ ओलं, पापड मऊ, आणि रात्री ओट्यावर राहिलेली लोखंडी सुरी सकाळी केशरी. मग पहिला प्रश्न येतो की कुठलं तेल लावू. तेलाचं नंतर बघू, आधी हे डोक्यात बसवा की गंज कापताना लागत नाही, कापून झाल्यावर लागतो. चिरताना पातं ओलंच असतं, त्याने काही बिघडत नाही. पण चिरून झाल्यावर सुरी तशीच पाटावर पडते, वर कांद्या-टोमॅटोचा रस, तेवढ्यात कुकरची शिट्टी, मग दार वाजतं, मग पोळ्या, आणि साध्या लोखंडाच्या पात्याला तेवढा वेळ पुष्कळ झाला, अर्ध्या तासात डाग दिसायला लागतात.

गंजाला तीन गोष्टी लागतात, लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. लोखंड तर हवंच आणि हवा काही काढून टाकता येत नाही, म्हणजे आपल्या हातात राहिलं फक्त पाणी. त्यात मीठ असलं की काम झपाट्याने होतं, लिंबू-कैरीसारखं आंबट असलं तरी तेच. बोअरचं खारं पाणी येत असेल तर सुरी नुसती निथळत ठेवून भागत नाही, थेंब वाळतो आणि क्षार तिथेच राहतात, पुढच्या ओलाव्याला आयतं निमंत्रण.

म्हणून काम झालं की लगेच धुवायची आणि लगेच पुसायची. ओट्याचं फडकं यासाठी वापरू नका, ते दिवसभर ओलंच असतं. सुरीसाठी वेगळं सुती फडकं खिळ्याला टांगून ठेवा, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम. पुसताना पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे जायचं म्हणजे बोट वाचतं. आणि बहुतेक जण पुसतात फक्त पात्याचं पोट, पाणी मात्र बसलेलं असतं मुठीच्या सांध्यात. विळीचं पातं जिथे पाटात जातं तिथे, मिटणाऱ्या विळीच्या बिजागरीत, वरच्या खवणीच्या दात्यांत, अडकित्त्याच्या खिळ्यापाशी, गंजाची सुरुवात नेहमी अशाच जागी होते. पुसून झाल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली उभी ठेवा, मग ड्रॉवरमध्ये.

काही जण सुकवायला सुरी गॅसवर धरतात. अजिबात नको. पात्याला जो कडकपणा दिलेला असतो तो साधारण दोनशे डिग्रीच्या पुढे उतरायला लागतो, आणि धार इतकी पातळ असते की ज्योतीवर काही सेकंदांत तिथे पोचते. गंज राहिला बाजूला, सुरी कायमची मऊ होऊन बसते.

आता तुमच्याकडे नक्की कुठलं लोखंड आहे ते बघा, कारण अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच असतो. ‘माझी स्टीलची आहे, तरी डाग पडले, दुकानदाराने फसवलं.’ तसं नसतं हो. स्टेनलेस म्हणायला त्यात कमीत कमी १०.५ टक्के क्रोमियम लागतं, त्याचा एक डोळ्याला न दिसणारा थर वर तयार होतो आणि तो आतलं लोखंड झाकतो. आपले डबे-ताटं चांगल्या प्रतीची असली तर त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सुरीला धार टिकावी म्हणून कार्बन जास्त घालावा लागतो, क्रोमियम बरेचदा १३-१४ टक्क्यांवर, निकेल जवळपास नाहीच, त्यामुळे तिची सहनशक्ती डब्यापेक्षा कमी. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने जे न गंजणारं पोलाद बनवलं ते लवकरच सुऱ्यांसाठीच वापरात आलं, पण न गंजणारं म्हणजे कधीच नाही असं तेव्हाही नव्हतं.

लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, सुरीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. सोपी परीक्षा म्हणजे पात्याच्या कोपऱ्यावर लिंबाचा एक थेंब ठेवायचा, दहा मिनिटांनी पुसायचा. करडा डाग राहिला तर साधं कार्बनवालं लोखंड, काही नाही दिसलं तर स्टेनलेस.

स्टेनलेसला फार लाड लागत नाहीत, तीन गोष्टी टाळा म्हणजे झालं. एक, ओलं मीठ किंवा लोणच्याचा खार पात्यावर तसाच ठेवणं, त्याने बारीक बारीक भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. दुसरं, ब्लीच असलेली क्लीनर. तिसरं, रात्रभर सिंकमध्ये लोखंडी तव्याबरोबर भिजत पडणं, तव्याचा गंज सुरीवर येऊन बसतो. लोखंडी तारेच्या घासणीचे तुकडे अडकले तरी तसंच होतं, ते तुकडे गंजतात आणि आपण सुरीला दोष देतो. असा वरवरचा डाग खायच्या सोड्याची पेस्ट लावून चोळला की निघतो.

खरी मजा लोखंडी सुरी आणि विळीत आहे आणि खरी चूकही तिथेच होते. नवी विळी आणली, चार दिवस कैरी, कांदा, कच्ची केळी चिरली की पातं करडं, निळसर, मग काळपट होतं. घरातलं कोणीतरी म्हणतं शी, किती घाण झाली, आणि काम करणाऱ्या बेनना सांगून तारेने घासून चकचकीत करून घेतात. झालं, दुसऱ्या दिवशी लाल गंज. तो काळा थर म्हणजे घाण नाही, आंबट आणि तुरट रसाने लोखंडावर बसलेला घट्ट थर आहे, आणि लाल गंज पोपडे काढत आत जातो तसा हा जात नाही, उलट खालचं लोखंड थोडंफार राखतो. ओळखायचं कसं, तर पांढरा टिश्यू कोरडाच पात्यावरून फिरवा. केशरी रंग लागला तर गंज, काहीच लागलं नाही तर तो काळा थर, त्याला हात लावू नका. नवं पातं असताना सफरचंद जरा काळं पडतं, लोखंडाची चव येते, थर बसला की तेही कमी होतं. घाई असेल तर पातं साबणाने नीट धुवून गरम व्हिनेगरने तीन-चारदा पुसा, प्रत्येक वेळी काळसर होऊ द्या, शेवटी पाण्याने धुवून लगेच कोरडं करा. मला विचाराल तर उन्हाळाभर कैऱ्या चिरा, आपोआप होतं.

तेलाचं आता. बडोद्यात घरोघरी सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, म्हणून हात तिकडेच जातो. रोज वापरायच्या सुरीला एक थेंब चालतो, दुसऱ्या दिवशी धुतलाच जाणार. पण महिनाभर ठेवायच्या वस्तूला सिंगतेल नको, चिकट होतं, खवट वास येतो, त्यावर धूळ बसते. खोबरेल त्यापेक्षा बरं, लवकर खवट होत नाही, थंडीत थिजतं पण त्याने नुकसान काही नाही. सगळ्यात चांगलं मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन, हां तेच, पोट साफ व्हायला देतात ते. वास नाही, चव नाही, खराब होत नाही आणि एक बाटली बरीच वर्षं पुरते. दोन थेंब फडक्यावर घ्या, पात्यावर फिरवा आणि मग कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसून टाका. ओघळ दिसेल इतकं लावलं तर त्यात धूळच जमते. शिलाई मशीनचं तेल खायच्या वस्तूला लावू नये, अडकित्त्याच्या खिळ्यालाही पॅराफिनच घाला, सुपारी तिथेच तर कातरायची असते. जवसाचं तेल वाळून कडक होतं म्हणून पात्याला वाईट, पण त्याच गुणामुळे लाकडी मुठीला छान.

वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूंचं जास्त बघावं लागतं. लोणच्याच्या दिवसात बाजारात मोठ्या सुड्यावर, म्हणजे कैरी फोडायच्या दणकट अडकित्त्यावर, कैऱ्या फोडून देतात, पण काही घरांत स्वतःचा सुडा असतो आणि तो जूनमध्ये काम झाल्यावर माळ्यावर जातो तो पुढच्या मे महिन्यात उतरतो, मध्ये अख्खा पावसाळा. कैरीचा रस नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लावा, उन्हात तापू द्या, गार झाल्यावर पॅराफिन, मग त्याच तेलाचा हात फिरवलेल्या कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतला दमटपणा आतच राहतो. चामड्याचं म्यान तर बरेच दिवस ठेवण्यासाठी बिलकुल नको, चामडं ओल धरतं. पत्र्याच्या डब्यात ठेवणार असाल तर बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून द्या, फुकटच्या असतात. जामनगरची सुडी (सुपारीचा अडकित्ता) किंवा आजीचा पितळी मुठीचा अडकित्ता शोकेसमध्ये असेल तर त्यालाही हेच, शोकेसमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे असं काही नाही.

तपासणीचा दिवस वेगळा ठरवायची गरज नाही, खंडेनवमी आहेच, पावसाळा संपता संपता येते. सगळी हत्यारं काढा, पुसा, तेल लावा, पूजा करा. फक्त ओलं हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल पात्यावर दसऱ्यापर्यंत तसंच राहतं आणि बरोबर त्या गोल ठिपक्याखाली गंज धरतो. गंध मुठीला लावा, नाहीतर संध्याकाळी पुसून घ्या, देवी रागावणार नाही.

सराणियाकडून, म्हणजे धार लावणाऱ्याकडून, धार काढून आणलीत की त्याच दिवशी पुसून तेलाचा हात द्या. चाकावर घासल्याने काळा थर गेलेला असतो, उघडं लोखंड समोर येतं. आणि धार हीच सगळ्यात पातळ जागा, गंज तिला आधी खातो, म्हणून दमट ड्रॉवरमध्ये नुसती पडलेली सुरीसुद्धा बोथट होते.

गंज लागलाच तर घाबरू नका. वरवरचा असेल तर कापलेल्या बटाट्यावर सोडा घेऊन चोळा. त्याने नाही गेला तर ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल टाकून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही. व्हिनेगर किंवा चिंचेच्या कोळात बुडवायचं तर अर्धा तास पुरे, रात्रभर ठेवलं तर आंबट चांगलं लोखंडही खातं. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसा, तेल.

पूर येऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं त्यांना सांगायला नको. गंजाने धनुर्वात होतो असं म्हणतात, तो गंजाने होत नाही, माती-शेणातल्या जंतूंनी होतो, पण पुराच्या चिखलात पडलेल्या सुरीवर तेच असू शकतात, तेव्हा आधी हातमोजे आणि साबण. सगळी धातूची सुरी असेल तर नंतर दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, काढा, गरम असतानाच पुसा. लाकडी मूठ फुगली असेल, तडकली असेल तर ती मूठ गेली. पातं चांगलं असेल तर नवी मूठ बसवून घ्या, पण आधी मूठ धरून पातं हलवून बघा, हललं किंवा सांध्यातून केशरी पाणी आलं तर आतला दांडा गंजलाय आणि तो कापताना कधीही तुटू शकतो. अशी सुरी कागदात नीट गुंडाळून भंगारवाल्याला द्या, कचऱ्याच्या पिशवीत उघडी टाकू नका.