ठाण्याच्या युद्धकाळावर ख्रिस्ती कथा कशी लिहावी

दुसऱ्या महायुद्धात ठाण्यावर बॉम्ब पडला नाही, तरी इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे परिसरातल्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती घरांना युद्धाची झळ पोचलीच. मार्च १९४२मध्ये रंगून जपानच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या टंचाईत श्रद्धा कशी सांभाळली, यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. तुम्हाला लिहावंसं वाटत असेल तर खालच्या क्रमानं जा.

१. सहा वर्षं नको, एक आठवडा घ्या

सगळं युद्ध कवेत घ्यायला गेलात तर माणसं हातून निसटतात. माझी सूचना एप्रिल १९४४ची आहे. त्या वर्षी पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, ९ तारखेला होता. त्याच आठवड्यात, शुक्रवारी १४ एप्रिलला, दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी होत्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. हा शुक्रवार गुड फ्रायडे नव्हे. तो ७ तारखेलाच होऊन गेला होता. नाट्य वाढवायला दोन्ही एकत्र आणू नका. पुनरुत्थानाचा सण साजरा करून पाच दिवस होत नाहीत तोच मरणाची बातमी दारात येते, यात पुरेसं नाट्य आहे.

२. घड्याळ आणि नकाशा तपासा

सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं. म्हणजे त्या एप्रिलमध्ये घड्याळात आठ वाजत आले तरी उजेड असायचा. तिन्हीसांजेचा प्रसंग लिहिताना हे सांभाळा. वाशीचा खाडीपूल नव्हता, नवी मुंबई नव्हती, ठाण्याला महानगरपालिका नव्हती. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च होतं, तुरुंग झालेला किल्ला होता, मिठागरं होती आणि मुंबईला नेणारी लोकल होती.

३. त्या काळची उपासना शिका

इथं सर्वांत जास्त वेळ द्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. मिस्सेत कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पाण्याची सवलत १९५३मध्ये मिळाली. जपमाळेत ‘रहस्यं’, म्हणजे येशू आणि मारियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी तीनच प्रकारची होती, प्रकाशाची २००२मध्ये आली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं म्हणायची रीत होती, म्हणजे स्फोटाच्या संध्याकाळीही तीच.

कथेतल्या कॅथलिक आईच्या तोंडी बायबलचा अध्याय आणि ओवी क्रमांकासह घालू नका. तिला पाठ असणार जपमाळ, क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरची प्रार्थना), संतांच्या गोष्टी. शास्त्रवचनं तोंडपाठ असलेलं पात्र हवंच असेल तर शेजारी एखादं प्रोटेस्टंट मराठी कुटुंब आणा. दोन्ही घरांच्या प्रार्थनेतला फरकही मग आपोआप दिसेल.

४. टंचाई आणि श्रद्धा एकाच निर्णयात गाठा

बऱ्याच कथांत उपाशी माणूस एका परिच्छेदात असतो आणि प्रार्थना दुसऱ्यात. दोन्ही एकमेकांना अडवत नाहीत, म्हणून वाचक हलत नाही.

उदाहरण घ्या. रोझाचा नवरा सैन्यात होता. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडल्यापासून त्याचं पत्र नाही. धाकटा मुलगा तापातून उठलाय. रेशनचा तांदूळ संपला, आणि वाणी मागच्या दारानं काळ्या बाजाराचा द्यायला तयार आहे. ती घेते. आता पास्काच्या काळात कम्युनियन घेणं कॅथलिकांना बंधनकारक आहे. त्याआधी पापनिवेदन करायचं, तर तांदळाचं सांगायचं का? हे पापच नाही असं तिला वाटतं, पण तशी खात्रीही नाही. रविवारी सगळा बाक वेदीकडे जातो आणि ती जागेवर बसून राहते. शेजारणी बघतात. घरी आल्यावर सासू विचारते, “का गं, पाणी प्यालीस का सकाळी?”

या एका प्रश्नात उपास, भूक, लाज आणि देवाची भीती सगळं आलंय. फादर पुढे तिला काय म्हणतात हे तुम्ही ठरवा, पण त्यांना कठोर किंवा देवमाणूस असं एकरंगी करू नका.

५. प्रार्थनेचं उत्तर लगेच देऊ नका

शेवटच्या पानावर नवरा दारात उभा, असा शेवट सुचेल. तो टाळा. कित्येक घरांना युद्धकैद्यांची बातमी महिनोन्महिने मिळाली नाही, आणि त्या बायका तरीही रोज संध्याकाळी माळ हातात घेत राहिल्या. त्यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर रोझाचीही वाट संपवू नका. एप्रिल १३२१मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी श्रद्धेपायी मारले गेले. त्यांचा उल्लेख फादरच्या उपदेशात जरूर येऊ द्या, पण रोझाला हुतात्मा बनवू नका. तिला उद्या पुन्हा रांगेत उभं राहायचंय.

६. माणसांना विचारा

युद्धाच्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत, म्हणून हे काम आधी उरका. “युद्ध आठवतं का?” असं विचारलंत तर “थोडंफार” एवढंच हाती लागेल. “तांदूळ नसायचा तेव्हा काय शिजायचं? बॉटल मसाला (ईस्ट इंडियन घरांतला वर्षाचा मसाला) त्या वर्षी कुटला का? जपमाळेला कोण पुढाकार घ्यायचं?” असं विचारा. दुपारची झोप झाल्यावर जा, आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या असतात. फादरना भेटून कारण सांगा. नोंदींवरून त्या काळची नावं कळतील, मात्र खरं नाव आणि आडनाव जसंच्या तसं कथेत उचलू नका.

पहिला खर्डा झाला की याच माणसांपैकी एकाला मोठ्यानं वाचून दाखवा. “आमच्याकडे असं नव्हतं” असं ते जिथं म्हणतील, तिथं समासात खूण करा आणि तो प्रसंग पुन्हा लिहा.