आधी सेन्सर बघा, मगच ओव्हरक्लॉकला हात लावा

ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर चालवायचाय, म्हणून कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, तुमचा पीसी आत्ता स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगला फुल लोडवर किती तापतो? बहुतेक वेळा उत्तर नसतं. म्हणून सुरुवात एचडब्ल्यूइन्फो६४ पासून करा, पीसीतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, फ्री आहे, उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' वर टिक करा आणि आठवडाभर नेहमीची कामं, गेम वगैरे सगळं चालू असताना मागे तसंच राहू द्या. करंटपेक्षा मॅक्सिममचा कॉलम बघायचा, खरी गोष्ट तिथे कळते.

नवीन माणूस यादी बघून घाबरतो. कुठेतरी ऑक्सटिन नावाच्या ओळीत १२७ डिग्री दिसतं आणि वाटतं मदरबोर्ड जळणार, पण तिथे सेन्सर जोडलेलाच नसतो, चिप नुसता फालतू आकडा दाखवते, ती ओळ हाइड करून टाका. कामाच्या ओळी म्हणजे सीपीयू टेम्परेचर, कोअर व्होल्टेज, पॅकेज पॉवर, इफेक्टिव्ह क्लॉक (कोअर प्रत्यक्षात ज्या स्पीडला चालतोय तो), आणि बोर्डवर सेन्सर असेल तर व्हीआरएम, म्हणजे सीपीयूला व्होल्टेज पुरवणारा बोर्डवरचा भाग. स्वस्तातल्या बोर्डवर व्हीआरएमला हीटसिंकच नसतो, तो १०० च्या वर जात असेल तर ओव्हरक्लॉकचा विषय तिथेच सोडा.

आणि एका वेळी एकच मॉनिटरिंग सॉफ्टवेअर चालू ठेवा. एचडब्ल्यूमॉनिटर, बोर्ड कंपनीचं युटिलिटी, आरजीबीवालं सॉफ्टवेअर सगळी त्याच चिपला सारखं विचारत बसतात आणि रीडिंग उड्या मारायला लागतं.

आता फुकटातला स्पीड. सीपीयू आणि रॅमची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडा, मेमरी टॅब. तिथे १६०० दिसलं तर दुकानदाराने फसवलं नाहीये, डीडीआर म्हणजे डबल, तुमची रॅम ३२०० लाच चालतेय. पण ३२०० ची रॅम घेऊन तिथे १०६६ किंवा १३३३ दिसत असेल तर बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचं तिच्या पूर्ण स्पीडचं तयार सेटिंग, बंद आहे, ते चालू करा आणि मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट रात्रभर लावा, एकही एरर चालणार नाही.

सीपीयूचं म्हणाल तर आधी बोर्ड बघा. इंटेलला मल्टिप्लायर (ज्यावरून सीपीयूचा स्पीड ठरतो) वाढवायला नावात के असलेला प्रोसेसर आणि बोर्डवर झेड सिरीजचा चिपसेट लागतो, त्यासाठीचं सॉफ्टवेअर एक्सटीयू. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर बी४५०, बी५५० चिपसेटचे बोर्ड चालतात, ए५२० ला अधिकृत सपोर्ट नाही, सॉफ्टवेअर रायझन मास्टर. मी रायझन ५ ५६०० वापरतो त्यामुळे त्याचंच सांगतो. सगळे कोअर एका स्पीडला फिक्स करून १.४ व्होल्ट देऊ नका. स्टॉकला हलक्या कामात एखाद्या कोअरला क्षणभर १.४ च्या वर व्होल्टेज जातं ते नॉर्मल आहे, पण फुल लोडवर सतत तेवढं देणं वेगळं. त्याऐवजी पीबीओ (एएमडीचं आपोआप जास्त बूस्ट देणारं सेटिंग) चालू करून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, जिथे कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करता येतं, उणे १० पासून सुरू करा, मग पाच-पाचने खाली या आणि दर वेळी सिनेबेंच ही सीपीयूची टेस्ट चालवून स्कोअर वहीत लिहा. क्लॉक ४.४ दिसतोय पण इफेक्टिव्ह क्लॉक मागे पडतोय आणि स्कोअरही घसरला, तर व्होल्टेज कमी पडतंय, एक पायरी मागे या.

इथे माझी चूक सांगतो. उणे ३० ला सिनेबेंच अर्धा तास मस्त चालला, मी खूश, आणि दोन दिवसांनी नुसती पीडीएफ वाचताना पीसी धाडकन रीस्टार्ट. कर्व्ह ऑप्टिमायझरचा त्रास फुल लोडपेक्षा हलक्या कामात जास्त दिसतो, कारण तेव्हा एकटा कोअर सगळ्यात वर बूस्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८ ही हार्डवेअर एररची नोंद सापडली, त्यातल्या एपिक आयडी या नंबरवरून कुठला कोअर ते कळलं, तेवढ्याच कोअरला उणे १५ दिलं आणि त्यानंतर आजपर्यंत पीसी असा बंद पडलेला नाही. म्हणून कोअरसायकलर ही टेस्ट लावाच, तो एकेक कोअर वेगळा तपासतो, वेळ खातो पण पर्याय नाही.

टेस्ट मे महिन्यातल्या दुपारी एसी बंद ठेवून घ्या. आमच्याकडे नागपूरला जानेवारीत ७० दाखवणारं तेच सेटिंग उन्हाळ्यात ८४ ला जातं, आणि ५६०० ची लिमिट ९० आहे.

सगळं जमलं की तेच आकडे बायोसमध्ये टाका आणि रायझन मास्टरमधलं डिफॉल्ट करा, दोन्हीकडे ठेवलं तर कुठलं लागू आहे तेच समजत नाही. बायोसच्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कधी डिस्प्लेच आला नाही तर पीसीची पॉवरची वायर काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा, पीसी स्टॉकला येतो. मग एक्सएमपीही बंद झालेलं असतं, ते आठवणीने परत चालू करा.